न नॉर्थचा

अझरायाह फिफील्डनं चाळीस वर्षं रोज एक ओळ लिहिली.
वारा, धुकं, भोंगा किती तास, दिव्याला तेल किती.
१८८९ ते १९२८. चौदा हजार सहाशे नऊ ओळी.
त्या मी दोन हिवाळ्यांत टाइप केल्या,
ट्विलिंगेटच्या म्युझियममागच्या खोलीत,
पायाशी हीटर, खिडकीबाहेर गोठलेला धक्का.

मग सगळ्या एकदम उचलल्या
आणि ओतल्या त्या काळ्या चौकटीत,
जिथं डेटाबेस एका वेळी एकाचंच ऐकतो,
खिडकीमागच्या जुन्या कारकुनासारखा.

पहिली दोन वर्षं गेली बिनबोभाट.
पुढं पडदा असा सुटला की नजर पुरेना.
"दाट धु", आणि लगेच "गॅलन".
बावीस नोव्हेंबरचं डोकं, चोवीसचं शेपूट.
तेवीस गेला कुठं?
समुद्रात पडला असता तर निदान आवाज झाला असता.

एका जागी माझ्या हातून टॅब पडला होता.
माणसाला तो नुसती मोकळी जागा दिसतो.
यंत्राला वाटलं, बाई अडली, शब्द सुचवावा.
थांबून त्यानं विचारलं:
तीनशे बारा शक्यता आहेत. सगळ्या दाखवू? हो की नाही?
आणि रांगेत पुढं उभा होता न,
नॉर्थचा न, वाऱ्याचा.
त्यानं तो नाहीचा धरला.
बरं, म्हणाला, आणि उरलेला वारा
भलत्याच ओळीत भरून पुढं निघाला.

मग आली ब्राइड ओ'डे.
फिफील्डची बायको. रोजनिशीत मात्र कायम माहेरच्या नावानं.
"ब्राइड ओ'डेनं भोंगा वाजवला. मला ताप."
ओच्या डोक्यावर लटकलेली ती एवढीशी रेघ,
तिथं यंत्राला वाटलं, बोलणं संपलं.
आणि जिथं खरंच संपलं
तिथं वाटलं, आता सुरू झालं.
तिथून सगळं उलट्या मोज्यासारखं,
आतलं बाहेर, बाहेरचं आत,
तिचं नाव पुन्हा येईपर्यंत.
ते आलं सात वर्षांनी.

मोजल्या तर नऊ हजार दोनशे तीन.

एल्ड्रेड कीन बूट झटकत आत आला.
तीस वर्षं कोस्ट गार्डच्या रेडिओवर होता.
"भराभर बोललं की पलीकडचा म्हणतो, पुन्हा सांगा.
हा तेवढंही म्हणत नाही.
कोंबू नकोस त्याच्या घशात.
फाइल करून ठेव, आणि सांग, बाबा, तूच वाच.
आणि त्या बाईच्या रेघेच्या दोन कर,
म्हणजे एक तरी उरेल."

मी केल्या. दोन-दोन रेघा,
जिथं जिथं ती होती तिथं तिथं.
वाटलं होतं त्याहून ती खूप ठिकाणी होती.

यंत्रानं वाचलं. चहाला उकळी यायच्या आत
एकोणचाळीस वर्षं अकरा महिने आणि काही दिवस.
चौदा हजार सहाशे आठ.
एक ओळ परत आली: अशी तारीख नसते.

एल्ड्रेडनं बोटांवर हिशेब केला.
चारनं भाग जातो, पण शतकाचं वर्ष, चारशेनं जात नाही.
कुठल्याच भिंतीवर तो दिवस टांगलेला नव्हता.
खडकावर फिफील्डला कोण सांगणार?
चार मार्चला पिठाची होडी आली, नावाड्यानं सांगितलं,
म्हाताऱ्यानं तीन मार्च गाळला आणि गाडी रुळावर आणली.
मागचं खोडलं नाही.

ती ओळ मी एकटीच पुन्हा दिली, हातानं, अक्षर अक्षर.
नाही म्हणाला.
तारीख बदलून टाक, म्हणतो एल्ड्रेड, एक मार्च कर.
एक मार्च आहेच की आत, तेल अर्धा गॅलन.

ती अजून माझ्या फाइलीत खाली पडून आहे, तशीच:
२९ फेब्रुवारी १९००. नॉर्थ, हलका. धुकं नाही.
भोंगा नाही. ब्राइड ओ''डेनं माझे केस कापले.